वस्तीवरचा कुत्रा : डॉक्टर येईपर्यंत

मळ्यातल्या वस्तीवर बैल असोत वा नसोत, कुत्रा असतोच. पिकाची राखण, शेळ्या-कोंबड्यांची राखण आणि रात्रीची चाहूल ही कामे तो दोन भाकरींवर करतो. साप, रानडुक्कर, विजेची तुटलेली तार, उंदरांसाठी ठेवलेले विषारी आमिष यांच्याशी पहिली गाठ त्याचीच पडते. बैलाचे पोट फुगले तर शेतकरी रात्री दोन वाजताही पशुवैद्यकाचे दार वाजवतो. कुत्र्याच्या बाबतीत मात्र "सकाळी पाहू" असे होते, आणि सकाळपर्यंत घरचे व शेजारचे लोक सुचेल तो उपाय करून पाहतात. मिठाचे पाणी, गोडेतेल, ताक, चुना, तिखट. यांतील बरेचसे उपाय कुत्र्याला मूळ दुखण्याइतकेच घातक ठरतात. म्हणून डॉक्टर येईपर्यंत किंवा कुत्रा दवाखान्यात पोहोचेपर्यंत काय करावे, याच्याबरोबरच काय करू नये हेही येथे सांगावयाचे आहे.

कुत्रा म्हणजे लहान वासरू नव्हे

शेतकऱ्याला गुरांच्या औषधपाण्याचा अनुभव असतो आणि तोच तो कुत्र्याला लावतो. पहिली चूक होते ती बाटलीने औषध पाजण्याची. धडपडणाऱ्या किंवा अर्धवट शुद्धीतल्या कुत्र्याचे तोंड वर करून ओतलेले पातळ औषध श्वासनलिकेत जाते. विषातून वाचलेला कुत्रा मग चार दिवसांनी फुप्फुसाच्या दाहाने जातो. ज्या कुत्र्याला उभे राहून स्वतःच्या जिभेने पाणी पिता येत नाही, त्याच्या तोंडात काहीही ओतू नये.

दुसरी गोष्ट पोटफुगीची. गुरांच्या पोटफुगीत तेल पाजण्याची पद्धत आहे. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांत (आपल्याकडील कारवानी कुत्री याच बांध्याची) भरपूर खाऊन लगेच धावपळ झाली तर कधी कधी जठर वायूने फुगते आणि स्वतःभोवती पीळ घेते. पोट नगाऱ्यासारखे होते, कुत्रा पुन्हा पुन्हा ओकाऱ्या देतो पण बाहेर काही पडत नाही. पीळ पडलेल्या जठरात वरून दिलेले तेल उतरतच नाही. येथे घरी करण्यासारखा एकही उपाय नाही. ताबडतोब गाडी काढावी. बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते आणि त्यात तासांचा हिशेब असतो.

तिसरी गोष्ट औषधांची. गुरांच्या गोचिडांसाठी आणलेले डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ अंदाजाने पाण्यात मिसळून कुत्र्याला चोळले जाते. कुत्रा अंग चाटतो आणि ते पोटात जाते. माणसाच्या गोळ्याही तशाच. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलसुद्धा स्वतःच्या मनाने देऊ नये. कुत्रा लंगडतो म्हणून घरातली अंगदुखीची गोळी भाकरीत घालून देणारे पुष्कळ आहेत. त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

कुत्रा आजारी आहे हे ओळखण्यासाठी तो निरोगी असतानाचे आकडे माहीत हवेत. गुदद्वारातील तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे माणसाच्या हिशेबाने तो नेहमीच "तापलेला" असतो. विश्रांतीत श्वास मिनिटाला १० ते ३०, नाडी मध्यम व मोठ्या कुत्र्यात सुमारे ७० ते १२०. नाडी मागच्या मांडीच्या आतल्या बाजूस लागते. हिरड्या गुलाबी व ओलसर असाव्यात. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा पडलेला भाग दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. हिरड्या काळ्या असणाऱ्या कुत्र्यात खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी. पांढऱ्याफटक हिरड्या रक्तस्रावाची किंवा रक्ताभिसरण खालावल्याची, निळसर हिरड्या श्वास कोंडल्याची खूण होय.

आधी आपला हात सांभाळावा

वेदनेत असलेला कुत्रा धन्यालाही चावतो. तीन-चार फूट लांबीची मऊ सुती पट्टी घ्यावी, तिचा सैल फास करून नाकाडावरून घालावा, फास आवळून दोन्ही टोके जबड्याखाली आणावीत, तेथे एक फेरा देऊन कानांमागे सुटी गाठ मारावी. ओकणाऱ्या, धापा टाकणाऱ्या, उष्माघात झालेल्या किंवा बेशुद्ध कुत्र्याचे तोंड मात्र कधीही बांधू नये.

याहून महत्त्वाचा धोका रेबीजचा. पिसाळलेला कुत्रा म्हटले की दिसेल त्याला चावत सुटलेले जनावर डोळ्यांपुढे येते. पण रेबीजचा मुका प्रकारही आहे आणि घरच्या माणसाला तोच अधिक फसवतो. कुत्र्याचा खालचा जबडा लोंबतो, तोंड मिटत नाही, लाळ गळते, आवाज बदलतो, पाणी गिळता येत नाही. पाहणाऱ्याला वाटते, घशात हाड अडकले. मायेपोटी घरातला कोणीतरी तोंडात हात घालतो, आणि हाताला खरचटलेले असेल तर तेवढे पुरेसे असते. रेबीज एकदा उलटला की माणूस वाचत नाही, असेच धरून चालावे लागते.

खरोखर हाड अडकले असेल तर बहुधा खाता खाता एकदम त्रास सुरू होतो आणि कुत्रा पंजाने तोंड ओरबाडतो. एक-दोन दिवसांपासून कुत्रा कोपऱ्यात बसतो आहे, हाकेला ओ देत नाही, माती-लाकूड चावतो आहे आणि आता जबडा लोंबतो आहे, असे असेल तर हात लावू नये. त्याला खोलीत किंवा गोठ्यात कोंडावे, मुलांना दूर ठेवावे आणि पशुवैद्यकास कळवावे. लस टोचलेली नसलेल्या कुत्र्याच्या तोंडात हात घालण्यापूर्वी लांबून बॅटरीच्या उजेडात पाहावे, हाच नियम बरा. लहान कुत्र्याच्या घशात वस्तू अडकून श्वास बंद पडत असेल तर त्याला मागच्या पायांनी उचलून डोके खाली करावे व बरगड्यांवर दोन्ही बाजूंनी झटका द्यावा.

कोणालाही चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागल्यास ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल लावू नये. मग पोव्हिडोन आयोडीन लावून त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. दंडात देण्याच्या लसीचे वेळापत्रक ०, ३, ७, १४ आणि २८ वा दिवस असे असते. रक्त निघालेल्या जखमेत लसीखेरीज जखमेभोवती प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही लागते. चावणारा कुत्रा घरचा असेल तर त्याला मारून टाकू नये. दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवावा, मात्र माणसाची लस त्यासाठी थांबवू नये. आपल्याच कुत्र्याला कोल्हा किंवा परका कुत्रा चावला तर हातमोजे घालून त्याची जखमही साबणाने धुवावी आणि पूर्वी लस दिलेली असली तरी पशुवैद्यकाकडे न्यावे. चाव्यानंतर कुत्र्यालाही लस द्यावी लागते.

विषबाधा

शेतावरच्या कुत्र्याच्या बाबतीत सर्वांत जास्त लिहिण्यासारखा विषय हाच, कारण येथे विष आपणच आणून ठेवलेले असते. फोरेट या दाणेदार औषधावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे, पण जुनी अर्धी पिशवी अजून एखाद्या कोठीत पडलेली असू शकते. लष्करी अळीसाठी भुसा, गूळ आणि कीटकनाशक यांचे आमिष करतात. त्यातला गूळ कुत्र्यालाही आवडतो. २०२२ च्या खरिपात मराठवाड्यात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची रोपे फस्त केली, तेव्हा मेटाल्डिहाइडच्या गोळ्या अनेक बांधांवर पडल्या. या गोळ्या कुत्रे चवीने खातात, आणि एक ते तीन तासांत थरथर, झटके व प्रचंड ताप येतो.

सेंद्रिय फॉस्फरस व कार्बामेट गटातील कीटकनाशकांची बाधा ओळखण्यास सोपी आहे. तोंडातून लाळेची धार, डोळ्यांतून पाणी, वांती, पातळ हगवण, आपोआप लघवी, बारीक झालेली बाहुली, स्नायूंची फडफड आणि मग श्वासाचा त्रास. यावर अ‍ॅट्रोपिन हा उतारा पशुवैद्यकाकडे असतो, आणि तो वेळेत मिळाला तर मरणाच्या दारातला कुत्राही उठून बसतो. औषध अंगावर सांडले असेल तर रबरी हातमोजे घालून साबण व भरपूर पाण्याने अंग धुवावे. ही औषधे माणसाच्या कातडीतूनही शिरतात.

प्रश्न येतो वांती करविण्याचा. सर्वसाधारण समजूत अशी की विष पोटात गेले की मिठाचे पाणी पाजून ते ओकून टाकवावे. कुत्र्यात मीठच जास्त होऊन मेंदूला सूज येते. शिवाय डब्यावर "ईसी" अशी अक्षरे असलेली बहुतेक कीटकनाशके रॉकेलसारख्या द्रावणात विरघळवलेली असतात. ती ओकताना फुप्फुसात गेली तर दुसरेच संकट उभे राहते. झटके येणाऱ्या किंवा बेशुद्ध कुत्र्याला वांती करविणे म्हणजे त्याला गुदमरवणे होय. तेव्हा वांती करवावी की नाही हे फोनवर का होईना, पशुवैद्यकाला विचारूनच ठरवावे. दूध व तेल यांचाही मोह टाळावा. स्निग्ध पदार्थांत काही कीटकनाशके विरघळतात आणि आतड्यातून अधिक वेगाने शोषली जातात.

उंदरांच्या औषधांत दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. झिंक फॉस्फाइड ही काळसर भुकटी. जठरातील आम्लाशी संयोग होऊन तिचा फॉस्फिन वायू बनतो आणि काही मिनिटांपासून काही तासांत लक्षणे दिसतात. तोंडाला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो. यावर उतारा नाही. येथे भाकरी किंवा दूध दिले तर जठरात आम्ल वाढते आणि वायूही वाढतो, म्हणून पोटात काही घालू नये. कुत्रा ओकला तर ओकारीवर वाकून पाहू नये, तो वायू माणसालाही घातक आहे. कुत्र्याला बंद मोटारीत न नेता काचा उघड्या ठेवून किंवा उघड्या गाडीतून न्यावे. दुसरा प्रकार ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांचा. त्या खाल्ल्यावर कुत्रा तीन-चार दिवस ठणठणीत दिसतो आणि मग नाकातून, हिरड्यांतून, शेणावाटे रक्त जाऊ लागते, धाप लागते. वडी खाताना पाहिले असेल तर कुत्रा बरा दिसतो म्हणून थांबू नये. के-१ जीवनसत्त्वाचे उपचार वेळेवर सुरू झाले तर तो निश्चित वाचण्यासारखा असतो. हे औषध काही आठवडे चालू ठेवावे लागते.

आमिष बिळाच्या आत ठेवून बीळ मातीने बंद करावे, ते दोन-चार दिवस कुत्रा साखळीने बांधावा आणि मेलेले उंदीर खोल पुरावेत, एवढे केले तरी बराचसा धोका टळतो.

आता थोडे अपरिचित. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक आहेत. सांगली-तासगावकडील बेदाणा शेडवर आणि नाशिकच्या बागांत कुत्रा राखणीला असतोच. एखाद्याने मूठभर बेदाणे खाल्ले आणि काही झाले नाही, म्हणून दुसऱ्यालाही होणार नाही असे नाही. द्राक्षातील टार्टारिक आम्ल हे कारण असावे, असे अलीकडचे मत आहे. खाल्ल्यावर काही तासांत वांत्या, दोन-तीन दिवसांत लघवी बंद असा क्रम असतो. कांदा व लसूण यांनी तांबड्या रक्तपेशी फुटतात. कांदा घातलेले कालवण रोज कुत्र्याच्या भाकरीवर ओतणे म्हणून बरे नव्हे.

सर्पदंश

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडील मुख्य विषारी साप. कुत्रा सापाला हुंगायला जातो, म्हणून दंश बहुधा नाकाडावर किंवा पुढच्या पायावर असतो. घोणस व फुरसे यांच्या दंशात भराभर सूज येते, जखमेतून रक्त थांबत नाही, लघवी लाल होते. नाग व मण्यार यांच्या विषाने पापण्या पडतात, लाळ गळते, मागचे पाय लुळे होतात आणि शेवटी श्वास बंद पडतो. मण्यारीच्या दंशाची खूण पुष्कळदा दिसतसुद्धा नाही. रात्री चांगला असलेला कुत्रा पहाटे लुळा पडलेला सापडला तर ही शंका आधी घ्यावी.

नाकाडाला आवळपट्टी बांधता येत नाही हे उघड आहे, पण पायालाही बांधू नये. जखम कापू नये, चोखू नये, पोटॅशियम परमँगनेट भरू नये. गळ्यातला पट्टा लगेच काढावा, कारण चेहऱ्याची सूज मानेपर्यंत उतरते आणि पट्ट्यानेच गळा आवळतो. कुत्र्याला चालवू नये, उचलून न्यावे. वेळ लिहून ठेवावी. साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही, त्यात दुसरा दंश होतो. वर सांगितलेल्या चारही सापांवर चालणारी प्रतिसर्पविष लस एकच आहे. तिची मात्रा कुत्र्याच्या वजनावर नव्हे तर शरीरात गेलेल्या विषावर अवलंबून असते, म्हणून लहान कुत्र्यालाही कमी लागते असे समजू नये. ती सर्व पशुवैद्यकीय दवाखान्यांत असतेच असे नाही. तालुक्याला कोठे मिळते हे पावसाळ्यापूर्वीच विचारून ठेवावे, दंशानंतर शोधण्यात रात्र जाते.

ऊन, जखमा आणि वीज

कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. तो धापा टाकूनच अंग थंड करतो. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-खानदेशात पत्र्याच्या शेडखाली आखूड साखळीने बांधलेला, पाण्याचे भांडे कलंडलेला कुत्रा दुपारी तीनपर्यंत कोसळू शकतो. तापमान १०५ अंशांच्या वर गेले की घाई करावी. सावलीत आणून साधे पाणी अंगावर, पोटावर, मांड्यांत सतत ओतावे आणि वारा घालावा. ओले गोणपाट अंगावर टाकून ठेवू नये, त्याखाली उष्णता कोंडते. १०३ अंशांवर आल्यावर पाणी थांबवावे, नाहीतर अंग अतिथंड होते. शुद्धीवर आला तरी पशुवैद्यकाला दाखवावे.

वाहत्या जखमेवर स्वच्छ कापडाची घडी ठेवून पाच ते दहा मिनिटे दाबून धरावी. मध्येच उचलून पाहू नये. घडी भिजली तर तिच्यावरच दुसरी ठेवावी. रानडुकराच्या सुळ्याने पोट फाटून आतडे बाहेर आले असेल तर ते आत ढकलू नये. एक लिटर पाणी उकळून त्यात दीड सपाट चहाचा चमचा मीठ घालावे, ते थंड झाल्यावर त्यात भिजवलेले कापड आतड्यावर ठेवून वरून धुतलेले धोतर सैल गुंडाळावे. छातीवरच्या लहान दिसणाऱ्या भोकातून हवेचा आवाज येत असेल तर ते ओल्या घडीने झाकावे.

पावसाळ्यात जखमेत अळ्या पडतात. त्यावर फिनेल, रॉकेल किंवा कीटकनाशकाची पूड घालण्याची रीत अत्यंत वाईट. कुत्रा जखम चाटतो आणि विषबाधा होते. केस कापून, मिठाच्या पाण्याने धुऊन दिसतील तेवढ्या अळ्या चिमट्याने काढाव्यात. टर्पेंटाइनचा बोळा वापरायचा तर पशुवैद्यकाने सांगितल्यावरच. मोडलेला पाय ओढून सरळ करण्याचा प्रयत्न करू नये. फळीवर किंवा ताणलेल्या घोंगडीवर निजवून न्यावे.

विजेच्या तारेला चिकटलेल्या कुत्र्याला हात लावण्यापूर्वी पुरवठा बंद करावा. ओल्या शेतात कोरडी काठीही भरवशाची नाही. सुटका झाल्यावर श्वास व नाडी दोन्ही बंद असतील तर उजव्या कुशीवर निजवून छातीच्या सर्वांत रुंद भागावर मिनिटाला १०० ते १२० दाब द्यावेत, छाती तिसऱ्या हिश्श्याने तरी दबली पाहिजे. तोंड मिटून नाकातून फुंकर घालणे हा त्याचा दुसरा भाग आहे, ३० दाबांनंतर दोन फुंकरा. मात्र लस दिलेल्या, घरच्या ओळखीच्या कुत्र्याखेरीज ते करू नये.

आधीची तयारी

एका झाकणाच्या डब्यात पुढील वस्तू ठेवाव्यात : कुत्र्यासाठी वेगळा थर्मामीटर, रबरी हातमोजे, कापूस, गॉज, रुंद बँडेज, चिकटपट्टी, पोव्हिडोन आयोडीन, बोथट टोकाची कात्री, चिमटा, तोंड बांधण्याची पट्टी, बॅटरी आणि जुनी चादर. आयोडीन वापरताना पाण्यात घालून फिक्या चहाच्या रंगाचे करावे. डबा औषध फवारणीच्या कोठीत ठेवू नये.

रेबीजची पहिली लस तीन महिन्यांच्या वयात द्यावी, नंतर पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे पुढील मात्रा, आणि मग दरवर्षी. पिल्लांना पार्व्हो व डिस्टेंपरची लस त्याही आधी सुरू करावी लागते. लसीचे कार्ड डब्यातच ठेवावे.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. तो प्रामुख्याने गुराढोरांसाठी असल्यामुळे आपल्या भागात कुत्र्यासाठी गाडी येते का, किती वाजेपर्यंत येते, हे एकदा विचारून डब्याच्या झाकणावर लिहावे. त्याखाली जवळच्या खाजगी पशुवैद्यकाचा आणि रात्री गाडी देणाऱ्या शेजाऱ्याचा क्रमांक असावा. मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ व उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत कुत्र्यांवर शस्त्रक्रियेची सोय असते. जवळ असेल त्याचाही क्रमांक नोंदवावा.

कुत्र्याचे वजन माहीत असावे, कारण फोनवर डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो. धन्याने आधी एकट्याने आणि मग कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहावे, फरक म्हणजे कुत्र्याचे वजन. त्यानंतरचे प्रश्न असतात : काय खाल्ले, किती, केव्हा, आणि आतापर्यंत घरी काय पाजले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लाज न बाळगता खरे द्यावे. विषबाधेत औषधाची पिशवी किंवा डबा लेबलासह दुसऱ्या प्लॅस्टिक पिशवीत घालून बरोबर न्यावा.